तापकीर गल्लीतला ४५ रुपयांचा निळा बोर्ड: एमटी३६०८ बूस्ट कन्व्हर्टर

बॅटरीवर चालणाऱ्या प्रोजेक्टसाठी एमटी३६०८ या चिपचा बूस्ट कन्व्हर्टर, म्हणजे बॅटरीचं व्होल्टेज वाढवून देणारा छोटा बोर्ड, घ्यावा का, असं मुलं आणि आता त्यांचे पालकही विचारतात. घ्यावा, आणि एकाऐवजी दोन घ्यावेत. मात्र विक्रेते सांगतात तो ‘२ अँपियर’ हा आकडा मनातून काढून टाकावा, आणि व्होल्टेज एकदा ठरलं की बोर्डावरचा प्रीसेट (स्क्रूने फिरवून कमी-जास्त करायचा रेझिस्टर) काढून तिथे साधे रेझिस्टर बसवावेत. असं का म्हणते ते जरा सविस्तर लिहिते.

मी पुण्यातल्या एका पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्सची प्रयोगशाळा सांभाळते. शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट सुरू झाले की माझ्या टेबलावर एकच दृश्य दिसायला लागतं. कुणीतरी चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी घेऊन येतं, तिच्यावर आर्डुइनो (प्रोग्रॅम लिहून चालवायचा छोटा बोर्ड), गाडीच्या चाकांच्या दोन पिवळ्या बीओ मोटर आणि एक अल्ट्रासोनिक सेन्सर जोडलेला असतो. गाडी दोन फूट जाते, थांबते, पुन्हा सुरू होते. ‘मॅडम, कोडमध्ये काय चुकलं असेल?’ कोडमध्ये बहुतेक वेळा काहीच चुकलेलं नसतं. त्या बॅटरीत सहा चिमुकले सेल एकापुढे एक जोडलेले असतात. चांगल्या अल्कलाइन बॅटरीतही साधारण ५०० मिलिअँपियर-अवर एवढाच साठा असतो आणि तोही थोडाथोडा करंट घेतला तरच पुरता मिळतो. मोटर सुरू होताना एकदम मोठा करंट मागते, बॅटरीचं व्होल्टेज बसतं आणि आर्डुइनो रीसेट होतो. त्यात आर्डुइनोवरचा लिनियर रेग्युलेटर ९ चे ५ व्होल्ट करताना वरचे ४ व्होल्ट नुसते उष्णतेत घालवतो. म्हणजे मुळात तोकड्या साठ्यातला ४४ टक्के भाग कामाला लागायच्या आधीच गेला.

याउलट २६०० मिलिअँपियर-अवरचा १८६५० आकाराचा एक प्रामाणिक लिथियम सेल घेतला तर त्यात ९ वॅट-अवरहून जास्त ऊर्जा असते, म्हणजे त्या चौकोनी बॅटरीच्या दुप्पट, आणि तो पुन्हा चार्ज होतो. अडचण एवढीच की पूर्ण चार्ज असताना तो ४.२ व्होल्ट देतो आणि उतरत उतरत ३ व्होल्टपर्यंत येतो. एचसी-एसआर०४ सेन्सरला, छोट्या सर्व्होला, १६ बाय २ च्या एलसीडीला तर ५ व्होल्ट हवेत. ही मधली दरी हा निळा बोर्ड भरून काढतो.

पुण्यात बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तो जवळजवळ प्रत्येक मॉड्यूलवाल्याकडे असतो. मागच्या खेपेला मी ४५ रुपयांना एक असे घेतले. बुधवार पेठेत नव्याने जाणाऱ्या मुलांना मी सांगते की नुसतं ‘व्होल्टेज वाढवायचा बोर्ड द्या’ म्हणू नका, किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत आणि किती करंट लागणार ते कागदावर लिहून न्या. मी ज्या दुकानात नेहमी जाते तिथले काका पहिला प्रश्न विचारतात, ‘ताई, बूस्ट का बक?’, म्हणजे व्होल्टेज वाढवणारा की कमी करणारा. हा प्रश्न विचारणारं दुकान मला विश्वासाचं वाटतं, कारण दोन्ही बोर्ड दिसायला सारखेच निळे असतात आणि चुकीचा घरी नेला तर पोराचा अख्खा दिवस वाया जातो. तिथे काउंटरवर मीटर लावून बघूही देतात. घेताना चिपवर बी६२८ ने सुरू होणारी अक्षरं आहेत का, काळ्या डायोडवर एसएस३४ आणि निळ्या प्रीसेटवर १०४ लिहिलंय का, एवढं बघावं. कॉइलवर २२० छापलेलं असतं. ते २२० मायक्रोहेन्री नाही. २२ पुढे शून्य शून्यं, म्हणजे २२ मायक्रोहेन्री. परीक्षेत मुलं इथे हमखास अडकतात.

एवढी लहान कॉइल पुरते कारण चिप सेकंदाला १२ लाख वेळा स्विच उघडझाप करते. स्विच जोडलेला असताना कॉइलमधला करंट वाढत जातो. उघडला की कॉइल तो करंट एकदम थांबू देत नाही, आपलं व्होल्टेज बॅटरीच्या व्होल्टेजमध्ये मिळवून डायोडमधून पुढे ढकलते. डायोडपलीकडचा कपॅसिटर ते साठवतो. बाहेरचं व्होल्टेज किती असावं हे दोन रेझिस्टर ठरवतात: वरचा (आउटपुटकडचा) म्हणजे १०० किलो-ओहमचा प्रीसेट, खालचा (ग्राउंडकडचा) २.२ किलो-ओहमचा. त्या दोघांच्या मधल्या बिंदूवर ०.६ व्होल्ट राहतील एवढं चिप बघते. म्हणून बाहेरचं व्होल्टेज = ०.६ × (१ + वरचा ÷ खालचा). प्रीसेट पूर्ण १०० वर नेला तर उत्तर येतं जवळपास २८ व्होल्ट, आणि बोर्डाची कमाल मर्यादा म्हणून हाच आकडा सांगितला जातो. एवढ्याशा चिपचं वागणं एका ओळीच्या सूत्रात बसतं आणि मीटरवर तसंच्या तसं दिसतं, हे पाहून दुसऱ्या वर्षाच्या मुलांचे चेहरे उजळतात. मला या बोर्डाचं सगळ्यात जास्त कौतुक याच गोष्टीचं आहे.

‘मॅडम, प्रीसेट फिरवतोय पण काहीच होत नाही, बोर्ड खराब आहे’, ही सगळ्यात जास्त येणारी तक्रार. बोर्ड चांगला असतो. हा प्रीसेट साधारण २५ फेऱ्यांचा आहे. एका फेऱ्यात ४ किलो-ओहम बदलतात, म्हणजे बाहेर सुमारे १.१ व्होल्टचा फरक पडतो. आता बूस्ट कन्व्हर्टर व्होल्टेज वाढवू शकतो, बॅटरीच्या खाली आणू शकत नाही. सेल ३.७ व्होल्टचा असेल तर प्रीसेट ११ किलो-ओहमच्या वर जाईपर्यंत, म्हणजे खालच्या टोकाचे जवळजवळ तीन फेरे, मीटर ढिम्म हलत नाही. मग एकदम चढायला लागतं. खालच्या टोकापासून चारेक फेऱ्यांवर ५ व्होल्ट येतात. नवा बोर्ड कुठल्या फेऱ्यावर येईल याचा नेम नसतो, त्यामुळे आधी मीटर, मग प्रीसेट, आणि आपलं सर्किट सगळ्यात शेवटी. हा क्रम मी फळ्यावर लिहून ठेवलेला आहे.

आता भाराचं बोलू. आमच्याकडे १० ओहम, १० वॅटचे पांढरे सिमेंट रेझिस्टर आहेत. त्यातला एक ५ व्होल्टवर लावला की अर्धा अँपियर जातो. ३.७ व्होल्टच्या सप्लायवर बोर्डाने ०.७८ अँपियर घेतला, म्हणजे कार्यक्षमता ८६ टक्क्यांच्या आसपास. पंधरा मिनिटांनीही चिपवर बोट टेकवता येत होतं आणि व्होल्टेज जागचं हललं नाही. ४५ रुपयांत हे फार चांगलं आहे. दोन रेझिस्टर समांतर लावून १ अँपियर मागितला तेव्हा आत जाणारा करंट दीड अँपियरच्या पुढे गेला, चिपवर बोट ठरेना आणि व्होल्टेज हळूहळू ओघळायला लागलं. बोर्डावर उष्णता वाहून नेणारं काही नाही. माझ्या मते ५ व्होल्टला अर्धा अँपियर सतत आणि १ अँपियर क्षणभर, एवढंच या बोर्डाकडून मागावं. विक्रेत्यांचा २ अँपियर हा फार तर कागदावरचा आकडा आहे, आपल्या हातात पडणाऱ्या करंटचा नाही. वाढवलेल्या प्रत्येक व्होल्टची किंमत सेलला करंटच्या रूपात मोजावी लागते, हे गणित मुलांनी स्वतः करून पाहिलंच पाहिजे.

गणपतीच्या आधी हेच गणित घराघरांत लागतं. आरासीत १२ व्होल्टची एलईडी पट्टी एका सेलवर लावायची असते. मीटरला ६० एलईडी असलेल्या साध्या बारीक पट्टीत तीन-तीन एलईडींचे गट असतात आणि एक गट २० मिलिअँपियर घेतो. अर्ध्या मीटरला ०.२ अँपियर, म्हणजे २.४ वॅट. सेलवर हे साधारण ३ वॅट पडतात आणि २६०० चा सेल सुमारे तीन तास टिकतो. संध्याकाळची आरती आणि भेटीला येणारे पाहुणे एवढ्यात छान निभावतात. पूर्ण मीटर लावला तर सेलमधून दीड अँपियरच्या वर जातो आणि बोर्ड तापतो. मोठ्या एलईडींची जाड पट्टी तर या बोर्डावर लावूच नये.

ज्या दोषामुळे हे परीक्षण लिहायला बसले तो प्रीसेटचा. प्रीसेटच्या आत एक सरकता स्पर्श असतो. धूळ, ओल किंवा धक्क्याने तो क्षणभर जरी उचलला गेला तरी वरचा रेझिस्टर नाहीसा होतो. चिपला मधल्या बिंदूवर शून्य दिसतं, तिला वाटतं बाहेरचं व्होल्टेज पडलंय, आणि ती जीव तोडून ते वाढवायला लागते. ५ व्होल्टच्या जागी २८ किंवा त्याहून जास्त, आणि पुढे जोडलेला आर्डुइनो, सेन्सर, सगळं एका क्षणात जातं. टेबलावर ठेवलेल्या सर्किटमध्ये हे क्वचित होईल. पण कात्रजहून पीएमपी बसच्या गर्दीत दप्तरातून येणाऱ्या रोबोटमध्ये, गच्चीवरच्या कुंडीतला ओलावा मोजत पावसाळाभर बाहेर राहणाऱ्या बोर्डात हे व्हायला कितीसा वेळ लागणार? मुलांनी साठवलेल्या पैशांतून घेतलेली वस्तू अशी जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

उपाय दहा मिनिटांचा आहे. प्रीसेट काढा आणि त्याच्या जागी १६ किलो-ओहमचा १ टक्क्याचा मेटल फिल्म रेझिस्टर लावा. सूत्रात घालून बघा, ४.९६ व्होल्ट येतात. १२ हवे असतील तर ३९ आणि २.७ किलो-ओहम एकापुढे एक, ११.९७ येतात. दोन्ही मिळून रुपया-दोन रुपयांचं काम.

‘पण मॅडम, आम्हाला तर व्होल्टेज बदलता यायला हवं’, असं म्हणणाऱ्या गटासाठी आम्ही एक रचना बसवली आहे आणि ती इथे मुद्दाम देते. प्रीसेट आणि बोर्डावरचा २.२ चा बारीक रेझिस्टर, दोन्ही काढायचे. वर कायमचा २२ किलो-ओहम, खाली कायमचा ३ किलो-ओहम. एवढ्यावर बरोबर ५ व्होल्ट येतात. मग मध्ये थांबणारा टॉगल स्विच घ्यायचा. एका बाजूला तो ३.३ किलो-ओहम खालच्या रेझिस्टरला समांतर जोडतो, तेव्हा ९ व्होल्ट मिळतात. दुसऱ्या बाजूला २ किलो-ओहम जोडतो, तेव्हा ११.६ मिळतात आणि एलईडी पट्टीला ते पुरतात. यातली खुबी अशी की स्विच मध्ये असो, सरकत असो, खराब होऊन उघडा पडो, किंवा त्याची वायर तुटो, बाहेर ५ व्होल्टच राहतात. बिघडलं तर कमी व्होल्टेजकडे बिघडायला हवं. वरच्या रेझिस्टरऐवजी खालचा बदलला की हे आपोआप साधतं. फक्त रेझिस्टरच्या तारा बोर्डापासून लांब नेऊ नयेत, आणि ५ व्होल्टचं सर्किट जोडलेलं असताना स्विचला हात लावू नये. आम्ही तो डबीच्या आत ठेवतो.

दुसरा दोष या बोर्डाचा म्हणण्यापेक्षा या जातीचाच आहे. बॅटरीपासून कॉइल आणि डायोडमार्गे बाहेरपर्यंत सरळ रस्ता असतो. चिप बंद असली तरी बाहेर बॅटरीचं व्होल्टेज असतंच. बाहेरच्या दोन वायरी एकमेकींना टेकल्या तर लिथियम सेलचा सगळा जोर त्या रस्त्याने वाहतो आणि चिप त्याला अडवू शकत नाही. म्हणून सेलच्या प्लसवर २ अँपियरचा फ्यूज घालायचाच. शिवाय चार्जिंगसाठी टीपी४०५६ चा बोर्ड घेताना सहा जोडणीबिंदू असलेला, म्हणजे बॅटरीचे दोन आणि आउटपुटचे दोन वेगळे असलेला घ्या. त्यावर संरक्षणाची वेगळी चिप असते. निळा बोर्ड तिच्या आउटपुटवर जोडायचा. नाहीतर एमटी३६०८ दोन व्होल्टपर्यंत सेल पिळत राहतो आणि सेल कायमचा खराब होतो. संरक्षणाची चिपही तोडते ती साधारण २.४ व्होल्टवर, तेव्हा मायक्रोकंट्रोलरने सेलचं व्होल्टेज वाचून ३.३ च्या आसपास काम थांबवावं, असं मी प्रोजेक्टमध्ये लिहायलाच लावते. आणि सेल घेताना ९९०० मिलिअँपियर-अवर असं छापलेला दिसला तर परत ठेवा. चांगल्यातला चांगला १८६५० सुद्धा साडेतीन-चार हजारांच्या पुढे फारसा जात नाही.

ईएसपी३२ (वाय-फाय असलेला मायक्रोकंट्रोलर बोर्ड) वापरणाऱ्यांची तक्रार वेगळी. वाय-फाय सुरू झालं की बोर्ड रीसेट होतो आणि दोष या कन्व्हर्टरवर येतो. खरा चोर बहुतेकदा वायरिंगमध्ये असतो. वाय-फाय प्रक्षेपणाच्या वेळी ईएसपी३२ क्षणभर काहीशे मिलिअँपियर ओढतो. ब्रेडबोर्डच्या बारीक जंपर वायरी आणि स्प्रिंगचा सेल होल्डर यांत तेवढ्यात व्होल्टेज पडतं. आणि या कन्व्हर्टरचा स्वभाव असा की आत येणारं व्होल्टेज पडलं की तो जास्त करंट ओढतो, कारण बाहेरचे वॅट तर तेवढेच पुरवायचे असतात. जास्त करंट म्हणजे वायरीत आणखी घट. म्हणून सेलपासून बोर्डापर्यंतच्या वायरी आखूड, जाड आणि सोल्डर केलेल्या हव्यात, आणि ईएसपी३२ च्या पिनांजवळ ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. गाडीच्या चाकांच्या मोटर मात्र या बोर्डावर लावूच नयेत. त्यांना वेगळा सेल द्यावा आणि फक्त ग्राउंड एक करावं.

बाजारात याच्या शेजारी आणखी दोन बोर्ड मिळतात. एलएम२५९६ हा बक, म्हणजे कमी करणारा. दोन सेल एकापुढे एक लावून ५ व्होल्ट हवे असतील तर तो उत्तम आहे. एका सेलवरून ५ मात्र तो कधीच देणार नाही. एक्सएल६००९ मोठा आणि दणकट दिसतो, १२ व्होल्टच्या बॅटरीवरून १८-२० करायला चांगला. तो ‘३ व्होल्टपासून चालतो’ म्हणून विकला जातो, पण डेटाशीटमध्ये किमान ५ व्होल्ट लिहिलेले आहेत. एका लिथियम सेलवर तो लावू नये.

ज्यांना स्वतःच्या हाताने कन्व्हर्टर बांधायचा आहे त्यांना मी एमसी३४०६३ देते. जुनी चिप आहे, आठ पायांची, झीरो पीसीबीवर (नुसती भोकं असलेल्या पाटीवर) सहज बसते, मधल्या बिंदूवरचं संदर्भ व्होल्टेज ०.६ ऐवजी १.२५. एका छोट्या रेझिस्टरने स्विचमधला कमाल करंट ठरवता येतो: ०.३ भागिले तो रेझिस्टर, म्हणजे ०.२२ ओहम लावला तर १.३६ अँपियर. इथे एकच सांगते. घरात पडलेला १एन४००७ डायोड लावू नका. तो ५० हर्ट्झच्या कामाचा आहे, या वेगात त्याला वेळेवर बंद होता येत नाही, तो तापतो आणि व्होल्टेज चढतच नाही. १एन५८१९ लावा. याची कार्यक्षमता निळ्या बोर्डापेक्षा बरीच कमी, आकार मोठा, खर्चही जास्त. तरीही ऑसिलोस्कोपवर कॉइलचं व्होल्टेज उडी मारताना स्वतः बांधलेल्या सर्किटमध्ये बघितलेला विद्यार्थी पुढे कुठलाही कन्व्हर्टर डोळे झाकून जोडत नाही, हा माझा अनुभव आहे.

माझा सल्ला असा: दुसऱ्या वर्षात एमसी३४०६३ एकदा हाताने बांधून बघा, तिसऱ्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये एमटी३६०८ लावा. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी घेणाऱ्या पालकांनी बोर्डासोबत १६ किलो-ओहमचा रेझिस्टर, फ्यूज आणि सहा बिंदूंचा चार्जिंग बोर्ड त्याच फेरीत घ्यावा. सोल्डरिंग घरी जमत नसेल तर जवळच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून प्रीसेट बदलून घ्यावा, त्याच्यासाठी ते दोन मिनिटांचं काम आहे.